३.२ की ४.९? बेरोजगारीचा दर वाचायचा कसा

जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या सरकारी अहवालात भारतातल्या बेरोजगारीचे दोन दर छापलेले आहेत. एक ३.२ टक्के, दुसरा ४.९ टक्के. दोन्ही १५ वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या लोकांचे, दोन्ही त्याच घरांमध्ये जाऊन विचारलेल्या प्रश्नांतून निघालेले. टीव्हीवरच्या चर्चेत एका पक्षाचा प्रवक्ता पहिला आकडा सांगतो, दुसऱ्या पक्षाचा दुसरा, आणि बघणाऱ्याला वाटतं की दोघांपैकी एक जण नक्की खोटं बोलतोय. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रश्न दोन वेगळे आहेत, म्हणून उत्तरंही दोन आहेत.

नवा अहवाल आला की मी ज्या क्रमाने तो वाचतो, तो क्रम इथे मांडतो. पत्रकार, शिक्षक, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, ग्रामपंचायतीपासून विधिमंडळापर्यंत प्रश्न विचारणारे कार्यकर्ते, अशा सगळ्यांना हा आकडा कधी ना कधी वापरावा लागतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: बेरोजगारीचा दर एकटा कधीही वाचू नये. ज्या देशात बेकारी भत्ता जवळपास कोणालाच मिळत नाही, तिथे हा दर सगळ्यात आधी हे सांगतो की कामाशिवाय थांबणं कोणाला परवडतं.

पायरी १ : आकडा कोणी काढला ते बघा

भारताचा अधिकृत दर येतो नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून. सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीएलएफएस’ म्हणतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ते एप्रिल २०१७ पासून करतं. त्याआधी, १९७२-७३ पासून, साधारण दर पाच वर्षांनी रोजगार-बेरोजगारीची मोठी पाहणी व्हायची. त्यातली शेवटची २०११-१२ ची. मधल्या काळात श्रम ब्यूरोनेही पाहण्या केल्या, पण त्यांची पद्धत वेगळी होती.

या सगळ्या मोजणीचा पाया १९७० साली घातला गेला. नियोजन आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला. समितीचं म्हणणं असं की, जिथे बहुतेक लोक स्वतःच्या शेतात, स्वतःच्या दुकानात किंवा घरच्या धंद्यात राबतात, तिथे पाश्चात्त्य देशांसारखा ‘इतके बेरोजगार’ असा एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही. वेगवेगळ्या मोजपट्ट्या लावाव्यात आणि वेगवेगळ्या गटांचं चित्र वेगळं मांडावं. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला, पण आपली सार्वजनिक चर्चा अजून त्या एकाच आकड्यात अडकलेली आहे.

जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसची रचना बदलली. नमुन्यातली घरं वाढून सुमारे २.७२ लाख झाली, निवडलेल्या घराला सलग चार महिने भेट द्यायची पद्धत आली आणि दर महिन्याचा दर जाहीर होऊ लागला. पहिला मासिक दर एप्रिल २०२५ चा होता: ५.१ टक्के. सर्वेक्षणाचं वर्षही आता जुलै ते जूनऐवजी जानेवारी ते डिसेंबर असं मोजलं जातं.

बातमीत ‘सीएमआयई’ असं नाव दिसलं तर तो आकडा सरकारी नाही. मुंबईतली ही खासगी संस्था स्वतःच्या घरोघरच्या पाहणीवरून दर काढते. तिचे प्रश्न वेगळे, व्याख्या जास्त कडक, त्यामुळे तिचा दर बहुतेक वेळा सरकारी दरापेक्षा बराच वर असतो. दोन्ही मालिका उपयोगी आहेत, पण एकीतला जुना आकडा आणि दुसरीतला नवा आकडा शेजारी ठेवून ‘वाढ झाली’ किंवा ‘घट झाली’ असं म्हणता येत नाही. असं करणारे लेख बरेच दिसतात. तसा लेख समोर आला की तिथेच थांबावं.

पायरी २ : माणूस कोणत्या खान्यात पडला ते समजून घ्या

पाहणी करणारा कर्मचारी टॅब घेऊन घरात येतो आणि प्रत्येक सदस्याला तीनपैकी एका खान्यात टाकतो: काम करणारा, बेरोजगार, किंवा श्रमशक्तीच्या बाहेरचा. बेरोजगार म्हणजे काम नव्हतं, पण काम शोधत होता किंवा मिळालं असतं तर करायला तयार होता. शिकणारे, फक्त घरकाम करणारे, पेन्शनवर जगणारे, अपंगत्वामुळे काम न करू शकणारे हे सगळे तिसऱ्या खान्यात जातात. रिकामा बसलेला प्रत्येक माणूस बेरोजगार नसतो. उलट, ज्याला आपण रिकामा समजतो तो अनेकदा काम करणाऱ्यांत मोजलेला असतो.

खाने प्रत्यक्षात कसे भरतात ते उदाहरणांवरून लवकर कळतं.

लातूरजवळच्या गावातली बी.ए. झालेली एक मुलगी धरू. आठ महिने ती नोकरी शोधत होती. सोयाबीनच्या काढणीत मात्र घरच्या शेतात पाच-सहा आठवडे राबली, मजुरी अर्थातच नाही. वर्षभराच्या मुख्य स्थितीनुसार, म्हणजे वर्षातला जास्त काळ ती काय करत होती यावरून, ती बेरोजगार. पण सरकारी अहवालातला जो दर सगळीकडे छापला जातो, त्यात मुख्य स्थितीला दुय्यम कामाची जोड दिलेली असते, आणि ३० दिवस किंवा जास्त काम केलं की दुय्यम काम धरलं जातं. त्यामुळे त्या दरात ही मुलगी बेरोजगार राहत नाही; ‘घरच्या उद्योगात मदत करणारी’ म्हणून काम करणाऱ्यांच्या यादीत जाते. ३.२ टक्के हा आकडा या सैल मोजपट्टीवरचा आहे, हे मनात पक्कं ठेवा.

पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीची तयारी करणारा मुलगा कुठे जाईल? ते त्याच्या उत्तरावर ठरतं. ‘मी अभ्यास करतो’ एवढंच त्याने किंवा गावी वडिलांनी सांगितलं, तर तो श्रमशक्तीच्या बाहेर. ‘जागांसाठी अर्ज केलेत, काम मिळालं तर करीन’ असं सांगितलं, तर बेरोजगार. घरातल्या एकाच माणसाकडून सगळ्यांची माहिती घेतली जाते तेव्हा ही रेषा आणखी पुसट होते. तयारीत तीन-चार वर्षं घालवणारी हजारो मुलं-मुली महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यातली किती बेरोजगार दिसतील, हे प्रश्न कसा विचारला यावरही अवलंबून आहे.

तिसरं उदाहरण, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: घरातली बाई. ती स्वयंपाक, धुणंभांडी, मुलं सांभाळते, तर श्रमशक्तीच्या बाहेर. सरपण आणि चारा गोळा करते, घरापुरतं शिवणकाम करते, तरी त्यासाठी वेगळा संकेतांक आहे आणि तोही श्रमशक्तीच्या बाहेरचाच. पण घरच्या म्हशीचं दूध डेअरीला जात असेल आणि म्हशीचं सगळं तीच बघत असेल, तर ती काम करणारी. एकाच बाईच्या एकाच दिवसात ही तीनही कामं असतात. कर्मचाऱ्याने खोदून विचारलं का, नवऱ्याने ‘ती घरीच असते’ असं उत्तर देऊन विषय संपवला का, यावर तिचा खाना ठरतो.

इतर देशांशी तुलना करताना ही व्याख्या आडवी येते. अमेरिकेत घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याने आठवड्यात किमान १५ तास काम केलं तरच तो काम करणारा धरला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली २०१३ साली ठरलेल्या नव्या निकषांनुसार तर स्वतःच्या घरी खाण्यासाठी पिकवणं हा ‘रोजगार’च नाही, मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम तेवढाच रोजगार. भारत अजून घरच्यासाठी केलेली शेतीही रोजगारात धरतो. म्हणून न्यू जर्सीतल्या नातेवाइकाने तिथला दर आणि आपला दर शेजारी ठेवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर त्या तुलनेतून फारसं काही हाती लागत नाही.

पायरी ३ : तीन अपूर्णांक स्वतः मांडा

सगळा गोंधळ हे गणित एकदा हाताने केलं की निम्मा कमी होतो. एका गावात १५ वर्षांवरची १००० माणसं आहेत. ५६० काम करतात, २० काम शोधतात, ४२० श्रमशक्तीच्या बाहेर आहेत.

श्रमशक्ती म्हणजे काम करणारे अधिक बेरोजगार, म्हणजे ५८०. श्रमशक्ती सहभाग दर ५८ टक्के. एकूण लोकसंख्येत काम करणाऱ्यांचं प्रमाण ५६ टक्के. बेरोजगारीचा दर काढताना मात्र २० ला १००० ने भागायचं नाही, ५८० ने भागायचं. उत्तर ३.४ टक्के.

आता समजा, २० पैकी १० जण शोधून शोधून थकले आणि ‘आता काही शोधत नाही’ म्हणाले. ते श्रमशक्तीतून बाहेर गेले. बेरोजगार १०, श्रमशक्ती ५७०, दर १.८ टक्के. दर जवळपास निम्मा झाला आणि गावात एकालाही नवं काम मिळालेलं नाही.

मूळ गावाचंच दुसरं रूप बघा. ५० बायका घरच्या शेतात मदतनीस म्हणून मोजल्या गेल्या. काम करणारे ६१०, बेरोजगार तेच २०, श्रमशक्ती ६३०. दर ३.४ वरून ३.२ वर उतरला. नोकरी शोधणाऱ्या त्या २० जणांच्या आयुष्यात काडीचाही फरक पडलेला नाही.

म्हणून नियम असा: बेरोजगारीच्या दराबरोबर सहभाग दर आणि काम करणाऱ्यांचं प्रमाण हे दोन आकडे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिन्ही आकडे एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे बातमीतली चूकही पकडता येते. सहभाग दराला ‘शंभर वजा बेरोजगारीचा दर’ इतक्या टक्क्यांनी गुणलं की काम करणाऱ्यांचं प्रमाण मिळतं. २०२३-२४ मध्ये सहभाग दर ६०.१ होता आणि बेरोजगारी ३.२. म्हणजे ६०.१ चे ९६.८ टक्के, ५८.२. अहवालातही ५८.२ च आहे. बातमीतल्या आकड्यांचा असा मेळ बसला नाही, तर कोणीतरी दोन वेगळ्या तक्त्यांतले किंवा दोन वेगळ्या वयोगटांचे आकडे मिसळले आहेत असं समजा.

पायरी ४ : ‘कधी’चा प्रश्न विचारा

३.२ आणि ४.९ मधला फरक इथे उलगडतो. पहिला आकडा ‘नेहमीच्या स्थिती’चा: मागच्या ३६५ दिवसांत माणूस मुख्यतः काय करत होता, शिवाय ३० दिवसांचं दुय्यम काम होतं का. दुसरा ‘चालू साप्ताहिक स्थिती’चा: मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास तरी काम केलं का. केलं असेल तर काम करणारा. केलं नसेल आणि काम हवं असेल तर बेरोजगार.

आठवड्यात एक तास हा निकष ऐकून अनेकांना राग येतो. पण तो भारताने शोधलेला नाही, आंतरराष्ट्रीय पातळीवर तोच वापरतात. त्याचा अर्थ मात्र नीट लक्षात ठेवायला हवा. या दरात ‘बेरोजगार’ दिसतो तो सात दिवसांत एक तासही काम न मिळालेला माणूस. अपुरं काम मिळालेला माणूस त्यात दिसतच नाही.

बीडमधल्या ऊसतोड कामगारावर या दोन मोजपट्ट्या लावून बघा. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तो कारखान्याच्या पट्ट्यात फडावर असतो. परत आल्यावर थोडं घरचं रान, अधूनमधून मजुरी, बाकी वाट बघणं. वर्षाचा हिशेब असा होतो: आधी बघायचं की वर्षातला जास्त काळ तो श्रमशक्तीत होता की बाहेर, श्रमशक्तीत असेल तर काम जास्त काळ होतं की बेकारी. पाच महिने तोडणी, तीन महिने कामाच्या शोधात, चार महिने दोन्ही नाही असं धरलं, तर आठ महिने श्रमशक्तीत आणि त्यातले पाच कामाचे. म्हणजे नेहमीच्या स्थितीनुसार तो वर्षभरासाठी काम करणारा. त्याच माणसाला जुलैतल्या एखाद्या आठवड्यात गाठलं आणि त्या सात दिवसांत त्याला काहीच मिळालं नव्हतं, तर साप्ताहिक स्थितीनुसार तो बेरोजगार. जोडीने तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून उचल मिळते. सर्वेक्षण मात्र माणसं मोजतं, त्यामुळे बायकोची स्थिती स्वतंत्रपणे नोंदली जायला हवी.

हंगामी कामावर जगणाऱ्या भागांसाठी म्हणूनच मी साप्ताहिक दर बघतो. वार्षिक दर तिथल्या बेकारीवर पांघरूण घालतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण कोविडच्या वर्षातलं आहे. जुलै २०१९ ते जून २०२० या वर्षाचा नेहमीच्या स्थितीचा दर होता ४.८ टक्के, आधीच्या वर्षाच्या ५.८ पेक्षा कमी. आणि त्याच वर्षातल्या शेवटच्या तिमाहीत, एप्रिल ते जून २०२० मध्ये, शहरांमधला साप्ताहिक दर २१ टक्क्यांच्या आसपास गेला होता. टाळेबंदीत गावी परतलेली माणसं, बंद पडलेली कारखान्यांची दारं, हे सगळं त्या वर्षात आहे, तरीही वर्षाचा दर उतरलेला. वर्षाची मोजपट्टी तीन महिन्यांचा धक्का पचवून टाकते, आणि शहरातून परत गेलेला माणूस घरच्या शेतात हात लावताच काम करणारा होतो.

मासिक दरांच्या बाबतीत उलटी काळजी घ्यायची. एप्रिल २०२५ चा दर ५.१ होता, मे महिन्यात तो ५.६ झाला. लगेच ‘बेरोजगारी भडकली’ असे मथळे आले. पण मे म्हणजे रब्बीची कामं उरकलेली, उन्हाचा कडाका आणि खरीप अजून दूर. सहभाग दरही त्याच महिन्यात ५५.६ वरून ५४.८ वर उतरला होता. हे मासिक आकडे हंगामाचा परिणाम काढून टाकलेले नसतात. म्हणून एप्रिलची तुलना मेशी करण्यापेक्षा पुढच्या वर्षीच्या एप्रिलशी करावी.

पायरी ५ : काम कसलं आहे, ते पान उघडा

बहुतेक बातम्या इथपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि अहवालातली सगळ्यात बोलकी पानं हीच आहेत. काम करणाऱ्यांचे तीन मोठे गट असतात: स्वयंरोजगार, नियमित पगारी आणि नैमित्तिक मजुरी. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात बेरोजगारीचा दर ६.० वरून ३.२ वर आला. त्याच काळात स्वयंरोजगाराचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला. नियमित पगारी कामाचा वाटा २२.८ वरून २१.७ झाला आणि मजुरीचा २४.९ वरून १९.८.

स्वयंरोजगार म्हणजे दुकानदार, रिक्षावाला, डॉक्टर, शेतकरी सगळेच. त्यामुळे आणखी एक थर खाली जायचं. त्यातला ‘घरच्या उद्योगात बिनपगारी मदतनीस’ हा गट एकूण काम करणाऱ्यांच्या १३.६ टक्के होता, तो १९.४ टक्के झाला. दर पाच काम करणाऱ्यांपैकी जवळपास एकाच्या हातात स्वतःची कमाई म्हणून काहीच पडत नाही. शेतीतल्या कामगारांचा वाटाही २०१८-१९ मधल्या ४२.५ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्क्यांवर गेला. एरवी देश पुढे जातो तसा हा वाटा घटत जातो.

बायकांचा सहभाग दर याच काळात २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला. ग्रामीण भागात २४.६ वरून ४७.६ वर. इतक्या कमी वर्षांत इतकी मोठी उडी का झाली, यावर अर्थतज्ज्ञांमध्ये वाद आहे. काहींच्या मते बायका खरोखर जास्त काम करू लागल्या, बचत गट आणि पाणी-गॅसच्या सोयींमुळे वेळ मोकळा झाला. काहींच्या मते आधीपासून चाललेलं काम आता जास्त नीट नोंदलं जातं. काहींना त्यात घरखर्च भागत नसल्याची खूण दिसते. मला वाटतं तीनही गोष्टी कमी-अधिक खऱ्या असतील. पण वाढ मुख्यतः शेतीत आणि बिनपगारी मदतीत दिसत असताना तिला ‘रोजगारनिर्मिती’ म्हणणं मला पटत नाही. बाईच्या राबण्याची नोंद झाली, हे चांगलंच झालं. तिच्या हातात पैसा आला का, हा प्रश्न तसाच उभा आहे आणि तो विचारत राहिलं पाहिजे.

पायरी ६ : सरासरी फोडा

देशाचा दर ३.२ असतो तेव्हा १५ ते २९ वयोगटाचा दर १०.२ असतो. २०२२-२३ मध्ये पदवीधरांचा दर १३.४ टक्के होता; निरक्षरांचा एक टक्क्याच्याही खाली. शिक्षण घेतल्याने काम जातं, असा त्याचा अर्थ काढू नका. दुसऱ्या दिवशीची चूल पेटवायची ज्याला चिंता आहे, तो मिळेल ते काम पत्करतो आणि दरात दिसत नाही. ज्याच्या मागे घरची थोडी जमीन, आईवडिलांची पेन्शन किंवा भावाचा पगार आहे, तो मनासारख्या कामाची वाट बघू शकतो आणि बेरोजगार म्हणून नोंदला जातो. दोघांचीही अडचण खरी आहे, पण दर फक्त दुसऱ्याची मोजतो.

राज्यांची तुलना करताना हेच आडवं येतं. २०२३-२४ मध्ये गोव्याचा दर ८.५ टक्के होता आणि मध्य प्रदेशचा एक टक्का. मध्य प्रदेशात गोव्यापेक्षा जास्त चांगल्या नोकऱ्या आहेत, असं कोणी म्हणणार नाही. गोव्यात शेतीवरची माणसं कमी, शिक्षण जास्त, घरात थोडीफार मिळकत किंवा परदेशातून येणारा पैसा असण्याची शक्यता जास्त, आणि पर्यटनाचा हंगाम पावसाळ्यात मंदावतो. केरळचा ७.२ टक्के दरही याच प्रकारचा. मोठा दर दिसला की तिथे तरुण, शिकलेले आणि थांबू शकणारे लोक किती आहेत ते आधी तपासा. लहान दर दिसला की घरच्या शेतीत किती जण सामावलेत ते तपासा.

लहान राज्यांबाबत आणखी एक सावधगिरी. नमुना लहान असला की दर हलतो. एखाद्या राज्याच्या नमुन्यात श्रमशक्तीतले १००० लोक आहेत आणि दर ८ टक्के निघाला, तर साध्या यादृच्छिक निवडीतही खरा दर ६.३ ते ९.७ यांमध्ये कुठेही असू शकतो. पीएलएफएसमध्ये घरं गट-गटाने निवडलेली असतात, म्हणून हा पट्टा आणखी रुंद होतो. अशा ठिकाणी दर अर्ध्या टक्क्याने घटला म्हणून हारतुरे नकोत आणि वाढला म्हणून मोर्चाही नको. जाहीर अहवाल राज्यांपर्यंतचे आकडे देतात. कोणी तुमच्या तालुक्याचा बेरोजगारी दर सांगत असेल तर तो कुठून आणला हे विचारा.

पायरी ७ : जुन्याशी तुलना करण्याआधी मोजपट्टी बदलली का ते बघा

जानेवारी २०१९ मध्ये पीएलएफएसचा पहिला अहवाल अडवून ठेवल्याच्या वादात राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल ३१ मे २०१९ ला प्रसिद्ध झाला. दर होता ६.१ टक्के (सर्व वयोगट धरून), आणि ‘४५ वर्षांतला उच्चांक’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. सरकारचा बचाव होता की जुन्या आणि नव्या पाहणीची तुलनाच करता येत नाही, कारण नव्या पाहणीत घरं निवडताना दहावी किंवा त्यापुढे शिकलेली किती माणसं घरात आहेत हा निकष लावला, तर जुन्या पाहणीत घराच्या आर्थिक स्थितीचा आधार होता.

फरक खरा आहे. पण २०११-१२ च्या २.२ टक्क्यांवरून ६.१ पर्यंतची झेप सगळी या निकषामुळे आली, असं मला वाटत नाही. शेवटी दोन्ही ठिकाणी नमुन्यातल्या घरांना भार देऊन, म्हणजे एक घर लोकसंख्येतल्या किती घरांच्या जागी आहे ते धरूनच, अंदाज काढतात. आणि वादातली जी बाजू तेव्हा तुलना चुकीची म्हणत होती, तिने नंतरची घट मिरवताना मोजपट्टीची इतकी काळजी घेतली नाही. २०२५ मध्ये रचना पुन्हा बदलली आहे, म्हणून २०२४ पर्यंतचे आणि २०२५ नंतरचे आकडे एका रेषेत जोडताना तिथे तुटक रेघ मारावी.

भाषेचीही शिस्त पाळा. दर ६.० वरून ३.२ झाला तर घट २.८ टक्केबिंदूंची आहे. ‘२.८ टक्क्यांनी घटला’ लिहिलं की वाचणारा गोंधळतो, कारण टक्क्यांत ती घट जवळपास ४७ आहे.

पायरी ८ : माणसांची संख्या हवी असेल तर

‘देशात इतके कोटी बेरोजगार’ हा आकडा सर्वेक्षणातून थेट येत नाही. सर्वेक्षण गुणोत्तरं देतं. ती १५ वर्षांवरच्या लोकसंख्येच्या अंदाजाला लावावी लागतात, आणि तो अंदाज अजून २०११ च्या जनगणनेवर उभा आहे. म्हणून कोटींचा आकडा दिसला की कोणती लोकसंख्या धरली ते बघायचं. आधी सहभाग दर लावून श्रमशक्ती काढली का, तेही बघायचं. बेरोजगारीचा दर थेट लोकसंख्येला लावलेला असेल तर आकडा चुकीचा आहे.

रोजगार केंद्रात किंवा महास्वयं संकेतस्थळावर नाव नोंदवलेल्यांची संख्या म्हणजेही बेरोजगारी नव्हे. नोकरी असलेले लोक चांगल्या संधीसाठी नाव ठेवतात, आणि ज्यांना काम नाही अशातले कित्येक तिकडे फिरकतही नाहीत. भविष्य निर्वाह निधीच्या मासिक आकड्यांतून संघटित क्षेत्रातली नोंदणी कळते. जुनंच काम नव्याने कागदावर आलं तरी तिथे वाढ दिसते.

ग्रामीण भागासाठी मला एक जोडआकडा फार विश्वासार्ह वाटतो: रोजगार हमीवर आलेली कामाची मागणी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि १९७२ च्या दुष्काळात आधार ठरलेली ही योजना महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्यात आणली. उन्हात खडी फोडायला, बांध घालायला कोणी हौसेने जात नाही. एखाद्या तालुक्यात मागणी आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्यांपेक्षा जास्त असेल, तर राज्याचा बेरोजगारी दर कितीही खाली असो, त्या तालुक्यात काम नाही. फक्त मागणीचा आकडा आणि प्रत्यक्ष दिलेल्या कामाचा आकडा वेगळे मागवा. मागणी तोंडी राहिली आणि नोंदलीच गेली नाही, असं अनेक गावांत होतं. म्हणून ग्रामरोजगार सेवकाकडे अर्जाची दिनांकासह पोच मागा; ती मिळत नसेल तर त्या गावातला कमी आकडा जमेस धरू नका.